मेजावरची जागा

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं आणि तनुजाही आली. पाण्याची वाट अख्खी गल्ली बघत होती. तनुजा येणार हे घरात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि राजेंद्र त्या दोघांत नव्हता.

तो गच्चीवर टाकीत पाइप धरून उभा होता. खाली मोटारसायकल थांबली म्हणून त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं, तर मागच्या सीटवरून बहीण उतरत होती. अंगानं भरली होती, चालणं मात्र आईचंच होतं. गाडी चालवणारा तिचा नवरा सम्यक उतरला नाही. फाटकासमोर उन्हातच गाडी लावून, हेल्मेट मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. टाकी भरून वाहू लागली तरी राजेंद्रच्या हातातला पाइप हलला नाही. शेवटी त्याची बायको विशाखा खालून ओरडली, की पुढचं पाणी आठवड्यानं आहे, याची कोणाला शुद्ध आहे की नाही.

सात वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीनं तनुजाला मेजापासून बंद केलं होतं. नाशिकला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जाते असं घरी सांगून ती गेली आणि वाळूजच्या सम्यकशी रजिस्टर लग्न करून आली. मुलगा बौद्ध. ना चर्चमध्ये लग्नाचा पुकारा झाला, ना पाळकांचा आशीर्वाद. मंडळीचा नियम जुना होता. बंद केलेल्यानं उपासनेला यावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी; पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला फिरू लागला की उठून बाहेर जावं. पुन्हा आत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून पश्चात्ताप सांगावा. तनुजा दोनदा आली, दोनदा उठून बाहेर गेली आणि मग यायची थांबली.

ज्या बैठकीत हे ठरलं, तिथं पंचांमधला पहिला हात वर झाला तो तिच्या बापाचा, बन्सी त्रिभुवनांचा. राजेंद्र तिसऱ्या बाकावर होता. एखाद्या पोराला बापाची उंची एका क्षणात कळावी तसं त्याला त्या दिवशी झालं होतं. आश्चर्य मात्र वाटलं नव्हतं. अप्पा एसटीत कंडक्टर होते, आणि राजेंद्रला पाच वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी लासूर स्टेशनहून येताना त्यांनी स्वतःच्या पोराचं अर्धं तिकीट फाडलं होतं. कालपर्यंत फुकट येत होता की, म्हणून गाडीतली माणसं हसली. अप्पा म्हणाले, काल तो चार वर्षांचा होता. ही गोष्ट त्रिभुवनांच्या घरी दर नाताळाला सांगितली जायची आणि दर नाताळाला राजेंद्र मान ताठ करून ऐकायचा. पुढं तो जिल्हा परिषदेत नोकरीला लागला तेव्हा सेवानियमांचं टेबल त्यानं मागून घेतलं. अप्पा पंचकमिटीतून निवृत्त झाल्यावर मंडळीनं त्यांच्या जागी त्याला घेतलं आणि वर्षभरात सेक्रेटरी केलं.

आता अप्पा पुढच्या खोलीत खाटेवर होते. पोटातला आजार यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हाच राजेंद्र समजून चुकला होता. कालच्या तपासणीनंतर तर डॉक्टरांनी दिवसांचा हिशेबही सोडून दिला.

तो खाली आला तेव्हा तनुजा ओढणी कमरेला खोचून बापाला कुशीवर वळवत होती. विशाखा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. आठ महिने अप्पांचं सगळं तिनं केलं होतं, आणि नणंदेबद्दल ती काय बोलायची ते राजेंद्रला पाठ होतं, की आयत्या वेळी येतील, रडतील आणि जातील. तनुजा रडली नाही. तिनं अप्पांचा सदरा वर केला, मानेपासून कमरेपर्यंत पाठ बोटांनी तपासली, टाचा पाहिल्या, आणि वळून म्हणाली, "वहिनी, एक डाग नाही. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तिघी नर्स मिळूनसुद्धा अशी पाठ राखता येत नाही."

विशाखानं घडी सोडली. ती आत गेली आणि चहा ठेवला. घरात माणसं चार होती. कप पाच निघाले. पाचवा कप घेऊन ती स्वतः फाटकापर्यंत गेली. राजेंद्रनं ते खिडकीतून पाहिलं. आठ महिन्यांत त्या पाठीबद्दल आपण एक शब्द बोललो नव्हतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

मधल्या बोळात त्यानं तनुजाला गाठलं.

"बारा वाजता पास्टर येतायत. अप्पांना प्रभुभोजन द्यायला."

"माहीत आहे. वहिनींनी फोनवर सांगितलं. अप्पांनी त्यांना करायला लावला फोन."

राजेंद्रनं ते गिळलं. मग म्हणाला, त्या वेळेला तिनं स्वयंपाकघरात थांबावं.

"स्वयंपाकघरात? नियमात बाहेर आहे ना?"

"ताने, टोमणे नकोत."

"टोमणा नाही रे. कुठं बसायचं ते विचारून घेते. सात वर्षांत विसरले."

तो तिला समजावू लागला. एकदा, फक्त एकदा सगळ्यांसमोर उभी राहा, दोन वाक्यं बोल, पुढचं मी बघतो. हे त्यानं सात वर्षांत तीनदा निरोपानं कळवलं होतं. तनुजा भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"खोटं बोलून गेले, त्याची माफी मी अप्पांकडं त्याच आठवड्यात मागितली," ती म्हणाली. "आईच्या मातीला आले तेव्हा परत मागितली. सगळ्यांसमोर सांग म्हणालास तर तेही सांगेन. पण तुमच्या पंचांच्या कागदावर तेवढं नाही. लग्न केल्याचा पश्चात्ताप लिहिलाय. तो माणूस बाहेर उन्हात बसलाय दादा. त्याच्याशी लग्न केल्याची माफी मागू?"

जाताजाता ती एवढंच म्हणाली, की बापाची संपत्ती उडवून परतलेल्या उधळ्या पुत्राचा दृष्टान्त वाचताना, घरीच राहिलेल्या थोरल्या भावाशी आलं की त्याचा आवाज चढतो, हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे. ते खरं होतं. दिवसभर रानात राबून आलेल्या त्या थोरल्या भावाला कोणी पाय धुवायला पाणी तरी दिलं का, हे कोणी विचारत नाही, असं राजेंद्रला नेहमी वाटायचं.

पाळक शिवराज वयानं लहान होते, या मंडळीत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी लाकडी पेटी काढली. आत बोटाच्या पेराएवढे काचेचे प्याले, झाकणाची ताटली, द्राक्षरसाची बाटली. दाराशी सगळ्यांना सलाम केला, तनुजाला पाहिलं, मग राजेंद्रकडं पाहिलं आणि त्याला हलकेच बाजूला घेतलं.

"सेक्रेटरीसाहेब, आजाऱ्याचं घर आहे. दार लोटून घेऊ. ताईंच्या हातात एक तुकडा गेला तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," राजेंद्र म्हणाला.

"दार लोटू नका," खाटेवरून आवाज आला.

अप्पा झोपलेत असं दोघांनी धरलं होतं. विशाखानं पुढं होऊन उशी उंच केली. बोलायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि खोलीतली माणसं एकेका शब्दासाठी थांबत होती.

"चोरून दिलेली भाकर तिला नको. मला बी नको. राजू बरोबर बोलला."

राजेंद्रच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. बापानं आपली बाजू घेतली, तीही तिच्यासमोर. तो पेटीतले प्याले मांडायला खाली बसला.

"मांडू नको," अप्पा म्हणाले. "म्या घेत नाय. ती मेजाला बसंल तवा बसंन."

प्याला राजेंद्रच्या हातात तसाच राहिला. तो म्हणाला, "अप्पा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे."

"व्हय."

"मग हा माझ्यावर धोंडा ठेवणं झालं."

"धोंडाच हाय बाबा. खोटं कशाला बोलू."

मग राजेंद्रचा तोल सुटला. इतक्या वर्षांत बापापुढं जो आवाज काढला नव्हता तो त्यानं काढला. पहिला हात तुमचाच होता, तो म्हणाला. मी समोर बसलो होतो. त्या हाताकडं बघून मी माणूस झालो. आता तुम्हीच म्हणता, की तो चुकला?

"नाय चुकला." अप्पांनी डोळे मिटून श्वास गोळा केला. "पोरीनं खोटं सांगितलं. बाप पंच हाय म्हणून झाकायचं का? आज बी करीन वर." तनुजा त्यांच्या पायथ्याशी बसली होती, तिनं मान वर केली नाही. "पन वर केलेला हात कवातरी खाली घ्यावा लागतो. म्या वाट बघितली. बंदी उठवायची तर ज्याच्या घरचं त्यानंच मांडायचं, अशी आपल्या पंचांची रीत. दुसरं कोन तोंड उघडणार? माझी मुदत सरली. तू बसलास. म्हनलं, पोरगा मांडील."

कमिटीच्या दर बैठकीत बंद सभासदांची नावं वाचायची असत. राजेंद्र वाचायचा. तनुजा बन्सी त्रिभुवन, असं स्वच्छ आवाजात म्हणायचा, बाकीचे पंच खाली बघायचे आणि तो पुढच्या विषयाकडं वळायचा. याला तो आजवर निःपक्षपणा समजत आला होता.

"हात वर करायचं तुला शिकवलं म्या," अप्पा म्हणाले. "खाली घ्यायचं शिकवायचं राहून गेलं."

"तिनं सगळ्यांसमोर माफी मागितली नाही, अप्पा. मी कशावर मांडू?"

"ते तुझं तू बघ. नेम माझ्याकडून शिकलास. दया कुनाकडून शिकता येत नाय, ज्याची त्यानं काढावी लागती." त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो चादरीवरून थोडा सरकला. "नाय मांडलंस तरी माझा राग नाय. ध्यानात ठेव. असाच जाईन. प्रभूचा मेज तिकडं बी मांडलेला हाय."

पाळकांनी प्रार्थना केली, पेटी बंद केली. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे, एवढं ते दारात म्हणाले, राजेंद्रकडं न बघता.

दुपारी अप्पांनी सम्यकला आत बोलावून घेतलं. त्यानं बूट बाहेर काढले, उंबऱ्यातून जय भीम केला. अप्पा म्हणाले, सलाम जावईबापू, उन्हात का बसला? सम्यक म्हणाला, तुमच्याकडं आमचा निकाल लागायचा होता, तो ऐकूनच आत यावं म्हटलं. अप्पा हसले, हसण्याचा खोकला झाला आणि तनुजानं नवऱ्याकडं डोळे वटारले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसवलं होतं, आणि तो जावई होता, हे राजेंद्रला बोचलं.

तो गच्चीवर गेला तर थोड्या वेळानं सम्यक मागून आला. दोघांचं नातं सात वर्षांचं होतं, ओळख नव्हती. सम्यकनं टाकीचं झाकण नीट बसवलं, काही काम मिळालं तर बरं अशा माणसासारखं. कंपनीच्या शिफ्टचं काहीतरी बोलला. मग म्हणाला, "दादा, मला तुमच्या मेजाचं फार कळत नाही. मी बोलू नये. पण एक सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तनुजा सकाळी काही खात नाही. चहासुद्धा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बघतो. बारा-साडेबाराला घोटभर पाणी पिते आणि मग स्वयंपाकाला लागते. आधी मला वाटलं उपास आहे. विचारलं तर म्हणते, सवय."

राजेंद्रनं कठडा धरला. प्रभुभोजन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही आईची शिस्त. लहानपणी भुकेनं कळवळून दोघं चर्चच्या बाकावर एकमेकांना चिमटे काढत बसायची. आई गेल्यावर त्यानं स्वतः ती सोडली होती. सेक्रेटरीला सकाळी लवकर जाऊन व्यवस्था बघावी लागते, चहाशिवाय जमत नाही. आणि ही वाळूजच्या दोन खोल्यांत, जिथं भाकर येणार नव्हती, प्याला येणार नव्हता, तिथं महिन्याच्या महिन्याला उपाशी बसून वाट बघत होती.

"तिला सांगू नका मी बोललो म्हणून," सम्यक म्हणाला. "मारेल मला."

रविवारी सकाळी राजेंद्रनं चहा घेतला नाही. विशाखानं कप पुढं केला, तो त्यानं परत सरकवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि कप उचलून नेला. अप्पांचा श्वास रात्रीपासून तुटक चालला होता. तनुजा आणि विशाखा घरीच थांबणार होत्या.

उपदेश संपला. मेजावर पांढरं कापड होतं, त्याखाली ताटल्या. पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, काही निवेदनं आहेत का. राजेंद्र उभा राहिला. अशी निवेदनं तो वर्षानुवर्षं देत आला होता, कधी लग्नाची, कधी वर्गणीची, कधी रंगकामाची. आज आवाज कुठून काढायचा ते त्याला कळेना.

"माझी बहीण तनुजा सात वर्षं मेजापासून बंद आहे," तो म्हणाला. "तिच्यावरची बंदी उठवावी असं मी मांडतो. ज्याच्या घरचं त्यानं मांडायचं म्हणून मांडतो."

बाकांवर हालचाल झाली. पंचांतले सर्वांत वडील धोंडिबाकाका, ज्यांना त्यानं लहानपणापासून एकाच कोटात पाहिलं होतं, काठी टेकून उठले. त्यांचा सूर विरोधाचा नव्हता, चौकशीचा होता.

"पोरीनं पश्चात्ताप सांगितला का?"

"खोटं बोलल्याचा सांगितला आहे. लग्नाचा नाही. सांगणारही नाही."

"मग आधार काय, राजेंद्र?"

ऑफिसात समोर येणाऱ्या प्रत्येक कागदाला तो हाच प्रश्न विचारायचा. उत्तर नसलेले कागद तो परत पाठवायचा.

"आधार नाही काका. तिची जागा रिकामी आहे आणि ती उपाशी आहे, एवढंच मला माहीत आहे. आधी मी ते बघितलं नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, की उद्या सगळीच पोरं असं करतील. दुसरं कोणी म्हणालं, करतायतच की, आणि परत येत नाहीत, हे वेगळं. एक बाई उठली आणि आपल्या पोराचं नाव घ्यायला तोंड उघडून तशीच खाली बसली. धोंडिबाकाका उभेच होते.

"बन्सी काय म्हणतो?"

"माझं मी बघावं म्हणतात."

"म्हणजे तुझ्यावर टाकलं आणि मोकळा झाला," धोंडिबाकाका म्हणाले. थोडं हसू फुटलं, लगेच विरलं. "लबाड आहे कंडक्टर." मग त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि हात वर केला.

सगळे हात वर आले नाहीत. पुरेसे आले. राजेंद्रनं पहिल्यांदाच ते मोजले नाहीत. ते काम पाळकांनी केलं.

त्या दिवशी ताटली आणि प्याले त्यानं बाकाबाकांतून फिरवले, स्वतः मात्र घेतलं नाही. उपासना संपताच पाळक पेटी घेऊन त्याच्या गाडीवर मागे बसले. धोंडिबाकाका रिक्षानं आले, कारण घरी दिलेलं भोजन पंचांच्या साक्षीनं झालं पाहिजे आणि ते उघड्या दारानं झालं पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

अप्पा अजून होते. डोळे उघडे होते, नजर ओळखीची होती, आवाज गेला होता. राजेंद्र त्यांच्या कानाशी वाकला, पण सांगायची वेळ आली नाही. धोंडिबाकाकांना खोलीत शिरताना पाहूनच ते समजले होते. तनुजाला मात्र काही माहीत नव्हतं. पाळकांनी तिला नाव घेऊन पुढं बोलावलं तेव्हा तिनं आधी विशाखाकडं पाहिलं, मग भावाकडं. तो ताटली धरून उभा होता.

"मी काही कबूल केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी सांगितलं तसं," राजेंद्र म्हणाला. "सगळ्यांसमोर."

तिनं भाकरीचा तुकडा घेतला. हात ओले होते, भांडी घासता घासता उठून आली होती. प्याला घेऊन ती पटकन बाजूला झाली. मग अप्पांना. तुकडा गिळणं त्यांना शक्य नव्हतं. पाळकांनी तो द्राक्षरसात बुडवून ओठांना लावला, तनुजानं बोटानं ओठ मिटून दिले. विशाखानं घेतलं, धोंडिबाकाकांनी घेतलं. सम्यक उंबऱ्याबाहेर उभा होता. अप्पांची नजर त्याच्यावर अडली, तेव्हा तो आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला, हात जोडून, आपल्या रीतीनं.

ताटलीत एक तुकडा आणि एक प्याला उरला. फिरवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचं नसतं. पाळक ताटली घेऊन त्याला द्यायला पुढं सरले, तेव्हा अप्पांच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो, पण खोलीतल्या सगळ्यांना कळला. पाळकांनी हात मागे घेतला.

तनुजा उठली. तिनं भावाच्या हातातून ताटली घेतली आणि त्याच्यासमोर धरली. रोज वॉर्डात अशी किती ताटं ती धरत असेल.

"घे, दादा."

राजेंद्रला हात पुढं करायला वेळ लागला. द्यायची त्याला सवय होती. अप्पांनी डोळे मिटले नाहीत. त्यानं भाकर खाल्ली, प्याला उचलला, तळापर्यंत प्यायला, आणि तो रिकामा प्याला बहिणीच्या ताटलीत परत ठेवीपर्यंत ते बघत राहिले.